जुनी टॅक्टिकल बॅटरी १८६५० वर करायचीय? आधी सेल ठरवा, बॉडी नंतर

पहिल्यांदा भाषेचं बघू. आपल्या बेळगाव-खानापूर भागात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालायचा तो सेल, इथंही तसंच वाचा, नाहीतर अर्ध्यात गोंधळ होईल. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब मापाचा चार्जिंगचा लिथियम सेल.

हे लिहायचं कारण म्हणजे मागच्या पावसाळ्यात माझ्याकडं चार जणांनी बिघडलेल्या बॅटऱ्या आणल्या, चारीही शुअरफायर ६पी (अमेरिकन कंपनीची जुनी टॅक्टिकल बॅटरी) नाहीतर त्याच मापाच्या, आणि चौघांची चूक एकच. आधी ऑनलाइन भारीतला एलईडी मागवला, मग त्याला बॉडी शोधली, मग सेल घेतला तर तो आत जाईना, मग कुणाकडनं तरी आतून घासून घेतलं, शेवटी पेटली तर बंद होईना. क्रम बरोबर उलटा पाहिजे. सेल पहिला, बॉडी दुसरी, लेथचं काम तिसरं, मागचं स्विच चौथं आणि एलईडी सगळ्यात शेवटी. एवढा क्रम पाळला तरी निम्मी डोकेदुखी जाते.

१. कशासाठी पाहिजे ते ठरवा

रात्री थ्री फेज आली की उसाला पाणी सोडायला जायचं, मोटर चालू करायची, बांधावरनं चालायचं, याला पन्नास-साठ फुटांपर्यंत पसरलेला उजेड आणि दोन तास चालणारा सेल लागतो. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात पहाटे दूध घालायला जाणाऱ्याला पाणी आत न शिरणं महत्त्वाचं. नुसतं गाडीत ठेवायची असेल तर महिनोन् महिने पडून राहिला तरी चार्ज न सोडणारा सेल पाहिजे. तीन कामं, तीन वेगळ्या सेटिंग. 'लांब मारणारी पाहिजे' एवढं बोलून काही ठरत नाही, किती लांब आणि किती वेळ ते सांगा.

(जंगलात रात्री जनावरं बघायला पाहिजे म्हणून कुणी विचारलं तर मी सांगतच नाही. भीमगडच्या बाजूला रात्री झोत मारत फिरलात तर वन खात्याच्या लोकांना शिकारीचाच संशय येणार आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.)

२. सेल ठरवा

६पी मूळची दोन सीआर१२३ए सेलवर चालते. एक सेल ३ व्होल्टचा, दोन मिळून ६. जाडी १७ मिमी, लांबी ३४.५, म्हणजे दोन मिळून ६९ मिमी. हे आकडे पाठ करा, पुढचं सगळं यावर आहे.

आता पर्याय बघा.

सीआर१२३ए तसेच ठेवायचे: चार्ज होत नाहीत, महाग पडतात, खेड्यात तर मिळतच नाहीत. पण वर्षानुवर्षं पडून राहिले तरी चालतात, त्यामुळं गाडीतल्या बॅटरीला हेच बरे. एक नवा एक जुना मात्र कधीच घालू नका. जुना आधी संपतो, नवा त्याच्यातनं जबरदस्तीनं करंट ढकलत राहतो, जुना तापून फुटू शकतो. मेटलच्या बंद नळीत फुटला तर तो गावठी बॉम्बच म्हणा. बदलायचे तर दोन्ही एकदम, एकाच कंपनीचे.

दोन १६३४० चार्जिंगचे: मापात बसतात म्हणून लोक फसतात. फुल चार्ज एक सेल ४.२ व्होल्ट, दोन म्हणजे ८.४. मूळचा पी६० बल्ब (६पीत येतो तो सुटा, बदलता येणारा बल्ब) ६ व्होल्टचा, दाबल्या दाबल्या उडतो. मी उडवलाय, त्यामुळं खात्रीनं सांगतो, एक निळसर चमक आली आणि संपलं.

एक १७६७०: १७ मिमी जाड, ६७ लांब. न घासता ६पीत बसतो. लेथवर जायचं नसेल तर हा सरळ मार्ग, फक्त हल्ली चांगला मिळायला शोधावा लागतो.

एक १८६५०: सगळीकडं मिळतो, जास्त चालतो, पण १८ मिमीच्या वर जाड, त्यामुळं मूळ ६पीत जात नाही. बॉडी आतून बोअर करावी लागते, म्हणजे लेथवर आतून कापून रुंद. पुढचं सगळं मुख्यतः याच्याबद्दल.

१८६५० घेताना प्रोटेक्शन सर्किटवालाच (शॉर्ट झाला किंवा फारच रिकामा झाला की करंट तोडणारं छोटं सर्किट) घ्या. साधा सेल ६५ मिमी लांब, सर्किटवाला साधारण ६९ च्या आसपास, म्हणजे दोन सीआर१२३ए एवढाच, बरोबर बसतो. साधा घातला तर चार मिमी कमी पडतात आणि मग लोक मधे लोहचुंबक घालतात. चुंबक हलला, तिरका होऊन पॉझिटिव्हकडनं बॉडीला टेकला की डायरेक्ट शॉर्ट. चुंबक नको म्हणजे नको.

तपासा: सेलवर ६८०० किंवा ९९०० एमएएच (किती चार्ज मावतो त्याचा आकडा) लिहिलेलं दिसलं तर तिथंच परत द्या. चांगल्या कंपनीचा १८६५० आज ३५०० च्या आसपास असतो. अजून एक सोपी टेस्ट, वजन करा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, नकली बरेचदा फारच हलका लागतो. गल्लीतल्या सोनाराच्या काट्यावर ठेवला तर तो हसेल, पण वजन करून देईल.

सेल हातात आल्यावर व्हर्नियरनं जाडी मोजा, पॅकिंगवरचा आकडा धरू नका. सर्किटवाल्या सेलला बाजूनं एक पट्टी जाते, तिथं जाडी वाढते. सेल फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा आणि सगळ्यात मोठा आकडा कागदावर लिहून ठेवा, टर्नरला, म्हणजे लेथ चालवणाऱ्याला, तोच लागणार आहे. दोन सेल मिळत असतील तर बारीक असेल तो घ्या, का ते चौथ्या टप्प्यात कळेल.

३. बॉडी घेताना

जुनी वापरलेली घेणार असाल तर विकणाऱ्याकडनं बॅटरी पूर्ण खोलून काढलेला फोटो मागा. पुढचं डोकं, बल्ब, मधली नळी, मागची टोपी, चार तुकडे वेगवेगळे दिसायला पाहिजेत. डोकं काढल्यावर बल्ब किंवा एलईडीचा गोळा हातात सुटा येत नसेल तर ती पी६० वाली नाही. नावात ६पी दिसलं म्हणून ६पीएक्स घेतलेला निपाणीचा एक मित्र आहे माझा, अजून चिडलेला असतो. ६पीएक्स आणि जी२एक्स मध्ये एलईडी डोक्यातच फिक्स असतो, बदलता येत नाही. ई१ई, ई२ई हे छोटे मॉडेल, त्यांचे आटे आणि बल्ब वेगळे. ९पी ही तीन सेलची लांब नळी, तिचा हिशोब वेगळा. आपल्या कामाच्या म्हणजे ६पी, सी२, झेड२, एम२ आणि प्लास्टिक बॉडीची जी२.

जी२ बद्दल वेगळं सांगतो कारण ती स्वस्तात मिळते आणि लोक तुटून पडतात. बॉडी नायलॉनसारख्या प्लास्टिकची, उष्णता बाहेर जायला वाटच नाही. साध्या बल्बला किंवा एक अँपियरच्या आतल्या एलईडीला ठीक, त्याच्या पुढं एलईडी आतल्या आत भाजून निघतो. ती लेथवर लावायच्या भानगडीतही पडू नका.

लेथचा त्रासच नको असेल तर सोलरफोर्स एल२ सारख्या बॉड्या बघा, त्यात १८६५० सरळ जातो आणि पी६० मापाचेच एलईडी बसतात. मग चौथा टप्पा सोडून द्या.

फोटोत अजून काय बघायचं? आटे झिजलेले नाहीत ना, मागच्या रबराला चीर नाही ना, काचेला तडा नाही ना, नळीच्या आत पांढरी पूड नाही ना. बाहेरचा रंग उडालाय, ओरखडे आहेत, त्याचं काही वाटून घेऊ नका, उलट त्यावर भाव पाडा. परदेशातनं मागवत असाल तर नुसती बॉडी मागवा, सेल बरोबर नको. लिथियम सेलचं पार्सल विमानाला अडकतं. सेल इथंच घ्या.

४. लेथवर बोअर करून घेणं

इथं आपण बेळगाववाले नशीबवान. उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट करणारे टर्नर आहेत, त्यांना एक दशांश मिमी म्हणजे लई मोठं माप. अडचण एवढीच की एका नगासाठी कुणी मशीन सेट करत नाही. 'काय गा, एवढ्यासाठी जॉब उतरवू व्हय?' हे ऐकायची तयारी ठेवा. सकाळी गर्दीत जाऊ नका, संध्याकाळी शिफ्ट संपताना जा, चहा सांगा, आणि शक्य असेल तर दोघातिघांच्या बॉड्या एकदम न्या.

जायच्या आधी घरी बॉडी पूर्ण मोकळी करा. डोकं, टोपी, दोन्हीकडचे ओ-रिंग (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) काढा. ओ-रिंग काढायला सुई वापरू नका, चिरते, लाकडी टूथपिक घ्या.

टर्नरला चार गोष्टी कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं मशीनच्या आवाजात विरून जातं.

एक, माप. सेलची मोजलेली सगळ्यात मोठी जाडी अधिक ०.२ मिमी, त्याच्यावर नाही. सेल १८.५ चा तर बोअर १८.७. 'राहू दे की थोडं सैल' म्हणून १९.५ करून ठेवतात. ६पीची नळी आट्यांच्या इथं आधीच पातळ असते, जास्त काढलं तर आट्यांखाली पत्र्याएवढी भिंत उरते आणि एकदा पडली की तिथनंच चेपते. बारीक सेल घ्या म्हटलं ते यासाठी.

दोन, पकड. तीन जबड्यांच्या चकमध्ये नळी नुसती आवळली तर बाहेरची खरबरीत नक्षी चेपते आणि नळी अंडाकृती होते. चकमध्ये असताना बोअर गोल दिसतो, सोडला की नळी परत फुलते आणि बोअर वाकडा. स्लिट बुश (उभी चीर दिलेली गोल बाही) करून त्यात धरायला सांगा. माझी पहिली बॉडी अशीच गेली, सेल एका बाजूनं फिरवला की जायचा आणि दुसऱ्या बाजूनं अडकायचा, तीन दिवस मला वाटत होतं सेलच वाकडा आहे.

तीन, कट हलके घ्यायचे, शेवटचा तर अगदी नखाएवढा.

चार, दोन्ही तोंडांच्या कडांना हात लावायचा नाही. टर्नरला सवय असते, काम झालं की कड मारून गुळगुळीत करून देतो, प्रेमानंच करतो, पण इथं त्या कडाच कनेक्शन आहेत. पुढच्या कडेवर एलईडीची मोठी स्प्रिंग टेकते, मागच्या कडेवर स्विच टेकतं. आतली धार फक्त पॉलिश पेपरनं हातानं मोडायची.

सावधान: माप बघायला टर्नरकडं चार्ज असलेला सेल देऊ नका. लेथजवळ ॲल्युमिनियमचा चुरा असतो, सेलच्या टोकावर बसला की शॉर्ट. मेलेला जुना सेल न्या, किंवा त्याच मापाचा गोल तुकडा त्यालाच काढायला सांगा.

घरी आणल्यावर साबणाच्या कोमट पाण्यानं, ब्रशनं, दोनदा धुवा. चुरा आट्यात लपतो. पूर्ण वाळू द्या.

तपासा: सेल नळीत सोडा. स्वतःच्या वजनानं सरकत खाली यायला पाहिजे, आणि उलटी केली की परत. अडकत असेल तर ठोकून बसवू नका, काढताना वरचं प्लास्टिक फाटतं.

त्या प्लास्टिकचं महत्त्व नीट समजून घ्या, कारण 'बंदच होत नाही' ही तक्रार इथनंच येते. सेलचं आख्खं बाहेरचं पत्र्याचं अंग निगेटिव्ह असतं. बोअर केल्यावर नळी आतून उघडी झालेली असते, वरचा कोटिंगचा थर गेलेला. आता प्लास्टिक फाटलं आणि पत्रा नळीला टेकला तर करंटला मागच्या स्विचमधनं जायची गरजच राहत नाही, सरळ नळीतनं एलईडीला जातो. स्विच बंद असो चालू असो, बॅटरी पेटलेलीच. लोक स्विच बदलत बसतात. प्लास्टिक जरा जरी फाटलं तरी सेल बाजूला काढा आणि नवीन कव्हर चढवा, मिळतात ती.

५. मागची टोपी, म्हणजे स्विच

जुन्या ६पीला झेड४१ टोपी येते. दाबून धरलं की तेवढ्यापुरती पेटते, पिळली की कायम. लोकांना हे जुनाट वाटतं, मला आवडतं, बिघडायला आत फारसं काही नाही आणि थोडी उलटी पिळली की लॉक होते, पिशवीत आपोआप पेटत नाही.

टक्-टक् बटण पाहिजे असेल तर झेड५९ टोपी त्याच आट्यावर बसते. बाहेरचं दुसरं बटण घेत असाल तर फॉरवर्ड का रिव्हर्स ते विचारा. फॉरवर्डमध्ये अर्धं दाबलं की पेटते, पूर्ण दाबलं की टिकते. रिव्हर्समध्ये पूर्ण दाबून सोडल्यावरच पेटते. बांधावर खसखस ऐकू आली की एका सेकंदात उजेड पाहिजे असतो, तिथं फॉरवर्डच.

सावधान: टोपीचे आटे कोरे ठेवा किंवा सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. खोबरेल तेल, इंजिन ऑइल, जंग सोडवायचा स्प्रे, यातलं काही ओ-रिंगवर नको. आणि आट्यांवरचा काळा थर पॉलिश पेपरनं घासू नका, पिळून लॉक होतं ते त्या थरामुळंच.

६. एलईडी ड्रॉप-इन, आता

ड्रॉप-इन म्हणजे पी६० बल्बच्या जागी सरळ बसणारा एलईडीचा गोळा. आता कुठं खरेदी करा. तीन गोष्टी बघा.

व्होल्टेज पहिलं. एक १८६५० म्हणजे ४.२ पासून खाली तीनपर्यंत. ड्रॉप-इनवर ही रेंज लिहिलेली पाहिजे. बऱ्याच स्वस्त ड्रॉप-इनमध्ये करंट ठरवणाऱ्या एएमसी७१३५ चिप असतात, त्या ६ व्होल्टपर्यंतच्या, दोन १६३४० घातले की खलास. मालकॉफ कंपनीच्या एम६१ सारखे ड्रॉप-इन ३.४ ते ९ व्होल्टवर चालतात, पण त्याचे पैसे तसे.

करंट दुसरा. एएमसी७१३५ ची एक चिप ३५० मिलिअँपियर देते. चार चिप म्हणजे १.४ अँपियर, आठ म्हणजे २.८. सगळ्यांना आठवाला पाहिजे असतो, आणि मी सगळ्यांना चारवाला घ्यायला लावतो. २८०० च्या सेलवर चारवाला दोन तास चालतो, आठवाला तासाभरात आटपतो आणि हात पोळतो ते वेगळं. उजेड दुप्पट दिसत नाही, डोळ्याला थोडाच जास्त वाटतो.

मोड तिसरे. एकच मोड उत्तम, फार तर मंद-मध्यम-फुल. झेड४१ टोपीवर पाच मोडवाला लावू नका, दर वेळी दाबलं की मोड बदलतो, आणि समोर गवा उभा असताना तुमची बॅटरी एसओएस खेळत बसते.

रंग पण बघा. मी ४००० ते ४५०० केल्विनचा, म्हणजे निळसर न दिसणारा पांढरा, घेतो. निळसर पांढऱ्यात पालापाचोळा आणि फुरसं एकाच रंगाचं दिसतं.

७. बसवणं

ड्रॉप-इनला दोन स्प्रिंगा असतात, आतली छोटी पॉझिटिव्ह, बाहेरची मोठी निगेटिव्ह. ड्रॉप-इन आणि डोकं यांच्यात थोडी पोकळी राहते, त्यामुळं उष्णता बॉडीत जात नाही. ती भरायला तांब्याची चिकटपट्टी, नाहीतर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल पितळी भागाभोवती गुंडाळतात. एकेक वेढा घेत बघत जा, हातानं दाबून बसेल एवढंच. हातोडी लागली म्हणजे जास्त झालं. फॉइलची सुटी कड खाली लोंबू देऊ नका, आतल्या स्प्रिंगला लागली की शॉर्ट.

क्रम: ड्रॉप-इन डोक्यात, डोकं नळीवर पूर्ण आवळा, मग मागून सेल, पॉझिटिव्ह काचेकडं, शेवटी टोपी. टोपी आधी लावून डोकं शेवटी पिळलंत तर चालू करंटमध्येच स्प्रिंगा घासतात.

तपासा: डोकं आणि नळीमध्ये फट दिसतेय का? दिसत असेल तर ड्रॉप-इन लांब पडतोय, बाहेरची स्प्रिंग बदला, जोर लावू नका. उलट, हलवल्यावर लुकलुकत असेल तर स्प्रिंग सैल आहे, थोडी ओढून लांब करा.

८. पेटत नसेल तर

आधी सेल मोजा. ३ व्होल्टच्या खाली असेल तर चार्ज करा. अडीचच्या पण खाली गेलेला असेल तर त्याचा मोह सोडा. सेल ठीक असेल तर टोपी काढा, वायरच्या तुकड्यानं सेलची मागची बाजू आणि नळीची मागची उघडी कड जोडा. पेटली तर दोष टोपीत, नाही पेटली तर दोष पुढं. दहापैकी आठ वेळा टोपीतली घाणच निघते. स्पिरिटचा बोळा फिरवा.

मल्टीमीटर असेल तर त्याच जागी १० अँपियरच्या रेंजवर करंट बघा. १.४ च्या आसपास आला तर झकास. ०.८ च येत असेल तर कुठंतरी कनेक्शन कच्चं आहे, दोन्ही कडा परत पुसा.

९. पहिले आठ दिवस

पहिल्या दिवशी पाच मिनिटं फुल लावून हातात धरा. डोकं कोमट व्हायला पाहिजे. पाच मिनिटांनी पण डोकं गारच असेल तर खूश होऊ नका, उष्णता आत अडकलीय, फॉइलचा एक वेढा वाढवा.

मग सेल काढून, ओ-रिंग लावून, रात्रभर पाण्याच्या तांब्यात बुडवून ठेवा. सकाळी टिश्यू पेपर आत फिरवा. कोरडा आला तर कणकुंबीच्या पावसाला घाबरायचं कारण नाही. काचेच्या आत वाफ धरली असेल तर डोक्यातला ओ-रिंग बदला.

सगळं झालं की नळीवर एक पट्टी चिकटवा आणि पेननं लिहा: 'एकच सेल, १८६५०'. हसू नका. आमच्या घरी सेल संपला म्हणून वडिलांनी माझ्या खणातले दोन १६३४० सापडले ते घातले होते, मापात बसले ना. चार चिपांचा ड्रॉप-इन तिथंच गेला. आता पट्टी आहे आणि ते दोन सेल कुलपात.